स्वरालीच्या नावाचा थेंब

कारंडवाडीत डबी आली तेव्हा बायकांनी आधी तिची पोटभर थट्टा करून घेतली. साबणाच्या वडीएवढी पांढरी वस्तू, आत रोजची एक अशा कागदाच्या बारीकशा पट्ट्या, आणि बोलायला लागली की आवाज इतका गोड, की शेजारच्या म्हातारीनं घरात कुणाची तरी नवी सून आली असं समजून आशीर्वाद दिला. बाळंतिणीनं रोज सकाळी आपल्या दुधाचा एक थेंब पट्टीवर टाकायचा. डबी म्हणायची, "नाव सांगा, ताई." नाव सांगितलं की जरा वेळ गप्प, आणि मग, "सगळं ठीक आहे. उद्या भेटू."

"आता येवढंच ऱ्हायलं हुतं," छायाबाई जगदाळे म्हणाल्या. "दूधबी मशिनीला दावायचं."

थट्टा केली तरी डबी कुणी माघारी धाडली नाही. सुवारोगानं गेलेली एखादी बाई प्रत्येक घराच्या आठवणीत होती. बाळंतपण सुखरूप होतं, पेढे वाटले जातात, आणि चार-पाच दिवसांनी बाईला ताप चढतो. घरची माणसं काढा देतात, अंगारा लावतात, आणि दवाखाना गाठेपर्यंत विष रक्तात भिनलेलं असतं. छायाबाईंची सख्खी नणंद अशीच गेली होती.

हा रोग चोरपावलांनी येतो, हीच खरी अडचण. वार पडल्यावर गर्भाशयात जी जखम उरते, तिथं जंतू शिरतात. शरीराला त्याचा सुगावा ताप येण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. पांढऱ्या पेशी तिकडं धावतात आणि मदतीची हाक म्हणून रक्तात काही प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं रक्तातून दुधात उतरतात, आणि त्याच सुमारास दुधातलं मिठाचं प्रमाणही बदलतं. एका मोठ्या संशोधन-रुग्णालयानं नेमका हाच बदल टिपणारी पट्टी तयार केली. रोज सुई टोचून रक्त द्यायला कुठली ओली बाळंतीण तयार होईल? दुधाचा थेंब मात्र ती सहज देते. बदल दिसला की डबी बोंब मारायची आणि तालुक्याहून गाडी सुटायची. प्रयोग त्या एका तालुक्यापुरता होता, पण वर्षभरात त्या गाडीतून बऱ्याच बायका वेळेत दवाखान्यात पोचल्या, आणि पोराला कडेवर घेऊन परत आल्या.

छायाबाईंना दोन सुना. थोरली ईश्वरी माणदेशातली. पहिलं बाळंतपण माहेरचं, या रीतीनं ती तिकडंच बाळंत झाली, म्हणून तिच्या वाट्याला डबी आली नाही. रुद्र दोन महिन्यांचा झाल्यावर ती सासरी आली, ती असा पान्हा घेऊन की पदर सदा ओला. धाकटी स्वराली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, बापानं दुसरं घर मांडलं होतं, आणि बाळंतपणाला जावं असं माहेरच उरलं नव्हतं.

"मी आहे की," ईश्वरी म्हणाली होती. नुसती म्हणाली नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, सगळं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. मांडीवर रुद्र आणि डोक्यात स्वरालीचं पथ्यपाणी, असे तिचे दिवस चालले होते. स्वराली तिला जाऊबाई कधी म्हणालीच नाही. ताई म्हणायची, आणि सासूला दोघी आत्या म्हणायच्या.

तालुक्याच्या दवाखान्यात स्वरालीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं, सोबत डबी दिली. दवाखान्यात चिकाचे चार थेंब निघाले होते तेवढेच. घरी आल्यावर तेही नाही. छातीशी धरलेली छकुली रडून रडून लाल व्हायची आणि छायाबाई उंबऱ्यात उभ्या राहून बोलायच्या.

"थोरलीला बघा, पान्हा आवरत न्हाई. आन हिच्या पदराला थेंब न्हाई. आमच्या घरात आजवर एक पोर वरच्या दुधावर वाढलं न्हाई, बाई."

त्या वाईट नव्हत्या. नातीसाठी पहाटे उठून पाणी तापवायच्या. जीभ तेवढी सैल होती, आणि सैल जिभेच्या माणसाला आपण काय बोललो ते संध्याकाळपर्यंत आठवतसुद्धा नाही. ज्याला बोललं त्याला आठवतं. स्वराली भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मग ईश्वरी दार लोटून घ्यायची आणि छकुलीला स्वतः पाजायची, सासूला पत्ता लागू न देता.

पहिल्याच सकाळी डबीनं हाक दिली. थेंब पडला नाही तर आशाताई चौकशीला दारात यायच्या, असा नियम होता.

"ताई," स्वरालीनं तिचा हात धरला. "तुझा एक थेंब घाल ना."

"माझा? अगं, डबी तुझी आहे."

"आशाताई आल्या की आत्यांच्या समोरच विचारणार, दूध का नाही म्हणून. दुपारपर्यंत अख्ख्या आळीत होईल. एक-दोन दिवसांत येईल की मला." आणि मग हसून, "नाहीतरी पोरगी तुझंच पितीय. डबीला काय कळतंय?"

बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून ईश्वरीलाही हसू आलं. उजवीकडं रुद्र लागला होता. तिनं डावीकडचा एक थेंब पट्टीवर पिळला.

"नाव सांगा, ताई."

"स्वराली ऋषिकेश जगदाळे," ईश्वरीनं सांगितलं, आणि दोघी तोंडावर ओढणी दाबून खुदखुदल्या.

"सगळं ठीक आहे. उद्या भेटू."

दुसऱ्या दिवशी स्वरालीचं अंग कोमट लागायला लागलं.

"दुधाचा ताप," छायाबाई म्हणाल्या. "पान्हा फुटायच्या आधी अंग तापतंच. शेगडी जरा जवळ घ्या."

हे ऐकून स्वरालीला आनंदच झाला. "येतंय वाटतं गं, ताई," ती कुजबुजली. ईश्वरीलाही तिच्या बाळंतपणात असाच ताप आला होता, एका दिवसात गेलाही होता. तिनं पुन्हा आपला थेंब टाकला. पुन्हा सगळं ठीक.

ऋषी, स्वरालीचा नवरा, द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायचा. तो दुपारी जेवायला आला, बायकोच्या कपाळावर हात ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "आई, चटका बसतोय. दवाखान्यात नेऊ का?"

"डबी काय म्हणती?"

"ठीक म्हणते."

"मग झालं. शिकलेल्या डाक्टरनी दिलीय न्हवं ती?"

ईश्वरी चुलीवर काढा ढवळत होती. तिच्या कानावर शब्द न् शब्द पडला. डबी कुणाला ठीक म्हणाली होती ते घरात फक्त तिला आणि स्वरालीला माहीत होतं. तिनं आत वळून पाहिलं. स्वरालीनं अंथरुणातूनच मान हलवली, नको म्हणून. ईश्वरी काढा ढवळत राहिली.

तिसऱ्या सकाळी स्वराली थंडीनं कुडकुडत होती. "आता सांगते मी आत्यांना," ईश्वरी म्हणाली. "आजचा दिवस, ताई," स्वराली म्हणाली. "उद्या नक्की येईल बघ." तिच्या हातात गोधडीचं टोक घट्ट धरलेलं होतं आणि डोळे इतके अजिजीचे, की ईश्वरीनं आणखी एक थेंब टाकला. दुपारी स्वराली असंबद्ध बोलायला लागली. मेलेल्या आईला हाका मारायला लागली. ऋषीनं गाडी कशी हाकली ते त्याचं त्याला माहीत. दिवस मावळायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, काल आणली असती तर.

ऋषीनं डबी अंगणात भिरकावली. संशोधन-रुग्णालयाची माणसं आली, फुटक्या डबीतल्या तिन्ही पट्ट्या काढून घेऊन गेली. सगळ्या तालुक्यात एकच बोललं गेलं: डबी ठीक म्हणाली आणि बाई मेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बायकांनी डब्या उंबऱ्याबाहेर आणून ठेवल्या, वरून चौकशीची समिती आली, आणि प्रयोग थांबला.

ईश्वरी काहीच बोलली नाही. आधी रडण्याच्या गलक्यात बोलायला जागा नव्हती. मग दिवसकार्य होतं. मग बोलायला इतका उशीर झाला होता, की आता बोलली तर त्या उशिराचाही जाब द्यावा लागला असता. ती दोन्ही पोरांना पाजत राहिली. उजवीकडं रुद्र, डावीकडं छकुली. सुतकामुळं बारसं राहिलं ते राहिलंच, पोरीला सगळे छकुलीच म्हणत राहिले. छायाबाई आता उंबऱ्यात उभ्या राहून बोलत नसत. येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच सांगत, "देवानं थोरलीच्या पदराला दोघांचं घातलं, म्हणून पोर जगलं." त्या असं म्हणाल्या की ईश्वरीला घरातून उठून कुठंतरी दूर निघून जावंसं वाटायचं.

चार महिन्यांनी डॉ. शेंडगे आल्या. डबीचा प्रयोग त्यांचाच. उंच, वाळक्या, डोळ्यांखाली काळं धरलेल्या बाई. खुर्ची दिली तरी त्या सतरंजीवरच बसल्या. आत पडद्याआड ईश्वरी छकुलीला घेऊन बसली होती.

"डबी का चुकली, ते शोधायला आम्ही त्या पट्ट्या पुन्हा तपासल्या," त्या ऋषीला म्हणाल्या. "तिन्ही पट्ट्यांवर जंतूंची खूण नाही. एकीवरही नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. पण शोधता शोधता दुसरंच सापडलं."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. स्तनात दूध ज्या नळ्यांतून वाहतं, त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत गळत असतात आणि दुधाबरोबर बाहेर येतात. दुधाच्या थेंबात अशा पेशी असतातच. त्या पेशींतली कुठली बिघडली असेल, कर्करोगाच्या वाटेला लागली असेल, तर तिच्या जनुकांमधला तो बिघाड थेंबात वाचता येतो. गाठ हाताला लागायच्या आधीही येतो, आणि पाजणाऱ्या बाईची गाठ हाताला लागली तरी ती दुधाचीच समजली जाते, म्हणून थेंब वाचणं जास्तच मोलाचं.

"स्वरालीताईंच्या तिन्ही पट्ट्यांवर तो बिघाड आहे. तिन्हींवर तोच. त्यांना स्तनाचा कर्करोग सुरू झाला होता."

"मेलीच्या नशिबात काय काय मांडून ठेवलं हुतं गं," छायाबाईंनी कपाळावर हात मारला.

"हा बिघाड कधीकधी आईकडून लेकीकडं जातो. मुलगी मोठी झाली की तिला दर वर्षी तपासावं लागेल. तिच्या नावानं तशी नोंद करायची आहे. घाई नाही, विचार करा. मी पुन्हा येईन."

पडद्याआड छकुली डावीकडं पीत होती. ईश्वरीनं हळूच तिच्या गालाखालून बोटं सरकवली. महिनाभरापूर्वी तिथं बोराएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. छायाबाई म्हणाल्या होत्या, दुधाची गाठ, गरम फडक्यानं शेक. ती शेकत होती. आता तिला ती जागा स्वतःची वाटेना. छकुली पीतच होती.

त्यानंतरचे दिवस ईश्वरीनं कसे काढले ते कुणाला कळलं नाही, कारण भाकरी वेळेवर होत होत्या. मरणाची भीती होतीच, ती काय सांगायची. रुद्र अजून पाऊलसुद्धा टाकत नव्हता. पण जगायचं तर एकच वाट होती, आणि ती वाट या घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर, "स्वरालीला डबीनं नाही, मी मारलं," असं म्हणत जाणारी होती. तिनं आडवाट काढून पाहिली. ओढणीत तोंड लपवून ती तालुक्याच्या एका डॉक्टरकडं गेली. त्यानं हात लावून पाहिलं, वय विचारलं, अंगावर पाजता का विचारलं आणि म्हणाला, "दुधाच्या गाठी होतात. पोराचं दूध तुटलं की या." मला पक्कं माहीत आहे हो, असं तिला ओरडावंसं वाटलं. कसं माहीत, असं त्यानं विचारलं असतं तर?

आत्तापर्यंत सगळा दोष दुधावरच टाकला जात होता. ताप दुधाचा, गाठ दुधाची.

मग खालच्या वाडीतली एक बाळंतीण गेली. कोवळी पोरगी, पहिलटकरीण. ताप आला, घरच्यांनी अंगावर काढला, आणि ती गेली. छायाबाई सांत्वनाला जाऊन आल्या आणि पाय धुताना म्हणाल्या, "तिच्या सासूनं छाती पिटून घेतली गं. म्हणती, डबी असती तर कळलं असतं. आपल्या स्वरालीपायी डब्या गेल्या म्हणती."

"स्वरालीपायी?" ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"लोक काय, कायबी बोलत्यात."

डॉ. शेंडगे दुसऱ्यांदा आल्या ती दुपारची वेळ होती. रविवार, त्यामुळे शिरवळच्या कारखान्यात कामाला असलेला सौरभ, ईश्वरीचा नवरा, घरी होता. सगळी माणसं सोप्यात होती. डॉक्टरांनी हातातल्या काचेच्या पाटीवर छकुलीचं पान उघडलं. बापानं अंगठा टेकवला की नोंद कायमची होणार होती. ऋषीनं अंगठा शर्टाला पुसला.

"भाऊजी, अंगठा लावू नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ईश्वरी मांडीवर छकुलीला घेऊन पडद्याच्या अलीकडं येऊन बसली होती.

"ते दूध स्वरालीचं नव्हतं. माझं होतं. तिन्ही दिवस मीच टाकलं, आणि नाव तिचं सांगितलं."

कुणाला काही उमजेना. उमजलं ते आधी डॉक्टरांना. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"त्यांना दूध आलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"घरी आल्यावर एक थेंबही?"

"नाही."

"तरीच! पट्टीवरचं दूध मुरलेलं होतं, ओल्या बाळंतिणीचं वाटत नव्हतं. कुणाकुणाचं असतं तसं, म्हणून आम्ही सोडून दिलं." मग डॉ. शेंडगे अगदी हळू म्हणाल्या, "अंगात जंतू शिरले की कधीकधी दूध उतरतच नाही. ती पहिली खूण असते. पट्टी कोरी राहिली असती ना, तरी आम्ही त्याच दिवशी आलो असतो."

हे ऐकायचं राहिलं होतं, तेही ईश्वरीनं ऐकलं.

ऋषी उठून उभा राहिला. "मी विचारलं होतं," तो म्हणाला. "दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारलं होतं, वहिनी. तुम्ही तिथंच काढा ढवळत होता." तो वाकला आणि तिच्या मांडीवरून छकुलीला उचलून घेऊन गेला.

"कशापायी?" छायाबाईंनी तिचा खांदा धरून हलवलं. "आगं, कशापायी लपवलंसा? दूध न्हवतं तर न्हवतं, सांगायचं हुतं की. म्या काय खाल्लं असतं का तुमाला?"

ईश्वरीनं त्यांच्याकडं पाहिलं. उत्तर तिच्या ओठांवरच होतं. सासूनं ते तिच्या डोळ्यांत वाचलं असावं, कारण त्यांचा हात खांद्यावरून गळून पडला. रोज ज्या उंबऱ्यात उभ्या राहून त्या बोलायच्या, तिथंच त्या जाऊन बसल्या.

डॉक्टर निघताना ईश्वरीनं त्यांना एकच विचारलं. "ह्या दुधानं पोरांना काही होईल का?"

"नाही. कर्करोग दुधातून जात नाही. पण शस्त्रक्रियेआधी दूध बंद करावं लागेल. आणि तुम्ही उद्याच तपासणीला यायचं. परवा नाही."

सौरभ तोवर रुद्रला कडेवर घेऊन नुसता उभा होता. "रजा काढतो मी," तो शेवटी म्हणाला, आणि तोंड फिरवून गोठ्याकडं गेला.

तपासणीत गाठ कर्करोगाची असल्याचं नक्की झालं. एकीच्या दोन निघाल्या. डावा स्तन काढावा लागेल असं ठरलं. काखेपर्यंत रोग गेला आहे का, ते उघडल्यावर कळणार होतं.

घरी छकुलीनं बाटली तोंडात धरली नाही. ऋषीनं चमचा करून पाहिला, वाटी करून पाहिली. सारी रात्र तिच्या रडण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि ईश्वरीचं दूध आपोआप वाहून झंपर भिजत होता. सकाळी उन्हं वर आल्यावर ऋषी तिच्या दारात येऊन उभा राहिला. पोर तिच्या हातात दिली आणि पाठ फिरवून तिथंच थांबला.

छकुली हुंदके देत देत पिऊ लागली.

"तिनंच सांगितलं होतं का?" भिंतीकडं बघत त्यानं विचारलं. "स्वरालीनं?"

"हो."

"तिनं सांगितलं नसतं तर तुम्ही टाकलं असतं?"

"नाही. पण टाकणारा हात माझा होता, भाऊजी. तिसऱ्या दिवशी ती कुडकुडत होती, तरी टाकला."

पोट भरल्यावर तो छकुलीला घेऊन गेला. त्यानंतर रोज तसाच यायचा, पाठ करून उभा राहायचा आणि न बोलता जायचा. त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ईश्वरीला वाटायचं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात छायाबाईंनी कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटला. गावात दूध तोडायची हीच रीत. त्या ईश्वरीसमोर बसल्या आणि स्वतःच्या बोटांनी लेप लावू लागल्या. उजवीकडं लावला. डावीकडं लावताना गाठ हाताला लागली आणि बोटं थांबली.

"ह्यो पाला माझ्या जिभंला लावायचा हुता," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. ईश्वरीनं त्यांचं डोकं धरलं. दोघींचे हात हिरवे झाले.

रुद्रनं एकदाच तोंड लावलं आणि भोकाड पसरलं. छकुलीनं मात्र चव घेतली, तोंड वेडंवाकडं केलं, ईश्वरीकडं टक लावून पाहिलं, आणि पुन्हा तोंड लावलं. पुन्हा कडूच लागलं. मग तिनं मान फिरवली आणि हाताची मूठ चोखत निजली. आईचं दूध तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. आता हेही तुटलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉ. शेंडगे ईश्वरीच्या खाटेशी आल्या. सोबत छायाबाई होत्या. डॉक्टरांच्या हातात नवी डबी होती. प्रयोग पुन्हा सुरू झाला होता. नव्या डबीला आता जंतूंची आणि कर्करोगाची अशा दोन्ही खुणा जागच्या जागी वाचता येत होत्या. ती रोज आधी विचारायची, "दूध आलं का, ताई?" आणि "नाही" म्हटलं की ओरडायची नाही, चारचौघांत बोभाटा करायची नाही, फक्त डॉक्टरांना गुपचूप कळवायची.

"हे 'नाही' तुमच्यामुळं घातलं आम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "खालच्या वाडीत परवाच एकीनं 'नाही' सांगितलं. ती आता वरच्या मजल्यावर आहे. वाचली."

ईश्वरीनं मान हलवली. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्या बऱ्या वाटण्यात स्वराली नव्हती.

"शेवटचा एक थेंब निघेल का? तुमच्या नावानं ठेवायला हवा. स्वरालीताईंच्या नावावरचे तिन्ही काढून टाकायचे आहेत."

दूध जवळजवळ आटलं होतं. ईश्वरीनं डावीकडं दाबलं, पुन्हा दाबलं, तेव्हा कुठं एक पिवळट थेंब आला आणि पट्टीवर पडला.

"नाव सांगा, ताई."

तोच आवाज. तिच्या तोंडात आधी दुसरंच नाव आलं. गोधडीच्या वासाची ती खोली आली, ओढणीआड दाबलेलं ते हसू आलं. छायाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ईश्वरी," ती म्हणाली. "ईश्वरी सौरभ जगदाळे."

डबी गप्प झाली. बराच वेळ गप्प राहिली.

"आजच डॉक्टरांना भेटा, ताई," ती मग म्हणाली. "उशीर करू नका. घरच्यांना सोबत घ्या, आणि घाबरू नका, आम्ही आहोत."

ईश्वरी इतके दिवस रडली नव्हती. ती आता रडायला लागली, आणि आत न्यायला आलेल्या माणसांना थांबावं लागलं. छायाबाई म्हणत होत्या, "घाबरू नगंस, बाळ, व्हईल सगळं नीट." पण ती स्वतःसाठी रडत नव्हती. हे वाक्य डबीनं तेव्हा स्वरालीला सांगायला हवं होतं.